चिंचेची कात आणि १०५ दिवसांचा उपास

१४ डिसेंबरला सकाळी काचपेटीच्या तळाशी पहिला तुकडा दिसला. तळहाताएवढा, कांद्याच्या वाळक्या सालीसारखा, हात लावला की चुरा होणारा. दुपारपर्यंत असे सात-आठ तुकडे पडले, आणि आमची पाळीव अजगर चिंच मात्र अजून अर्धीअधिक जुन्या कातीतच होती. मानेवर पांढुरका पट्टा, दोन्ही कुशींना सुटलेले पापुद्रे, शेपटीच्या टोकाला घट्ट बसलेलं एक कडं आणि दोन्ही डोळे धुरकट. त्यात तिने शेवटचं खाल्लं त्याला त्या दिवशी ४९ दिवस झाले होते.

चिंच ही आमच्या थोरल्या लेकीची बॉल पायथन. चॉकलेटी अंगावर पिवळट-सोनेरी डाग, पिकलेल्या चिंचेच्या आकड्यासारखा रंग, म्हणून लेकीने हे नाव ठेवलं. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहतो. ओळखीतलं एक कुटुंब दुसऱ्या राज्यात राहायला निघालं, तेव्हा ऑगस्टमध्ये ती पेटीसकट आमच्याकडे आली. साडेतीन वर्षांची मादी, लांबी चार फुटांच्या आतबाहेर, वजन १,२४० ग्रॅम.

लेकीने पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली होती: तारीख, वजन, काय खाल्लं, तापमान, शी केली का. त्या वहीत पहिले चार महिने आर्द्रतेचा रकानाच नव्हता. आमची सगळी चूक त्या नसलेल्या रकान्यात आहे, आणि ती कशी सापडली हे तारखांसकट लिहून ठेवावं असं मला वाटतं. कात नीट न निघणं आणि खाणं बंद होणं ही दोन दुखणी आम्ही वेगवेगळी समजत होतो. प्रत्येकावर वेगळा इलाज करत होतो आणि प्रत्येक इलाजाने दुसरं दुखणं वाढत होतं.

आधी या सापाबद्दल थोडं. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून पाळण्यासाठी तो मोठ्या संख्येने बाहेर गेला. बिनविषारी, अजगरांत आकाराने लहान, आणि घाबरला की डोकं मधोमध लपवून अंगाचा चेंडू करतो म्हणून बॉल. रानात तो दिवस काढतो उंदरांनी सोडलेल्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत. वर गवत करपलेलं असलं तरी बिळातली हवा दमट असते. हे मी ऑगस्टमध्येच वाचलं होतं. वाचलं आणि पुढे गेले. आयुष्य २० ते ३० वर्षं, नीट सांभाळला तर त्याहूनही जास्त. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे होतं. त्यामुळे लेक कॉलेजला गेली की चिंच माझ्याच पदरात येणार, हे मी पहिल्यापासून धरून चालले होते.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगते, कारण माझ्या मावसभावाच्या मुलाने लगेच विचारलं होतं की मीही एखादा पाळू का. आपल्याकडचा साप, मग ती धामण असो, नाग असो की आपला अजगर, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीत येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी कुणाकडे असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. त्या मुलाला मी सांगितलं, आधी गावातल्या सर्पमित्राबरोबर वर्षभर फिर, मग बोलू.

उपास कसा सुरू झाला

ऑगस्ट ते ऑक्टोबर काही म्हणजे काही त्रास नव्हता. दर चौदा दिवसांनी एक मध्यम उंदीर, साधारण ९० ग्रॅमचा, गोठवलेला आणून वितळवून दिलेला. सप्टेंबरमध्ये तिने कात टाकली ती डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध. लेकीने ती वर्गात नेऊन दाखवली. इलिनॉयचा उन्हाळा दमट असतो, घाम वाळत नाही, आणि आम्ही समजलो की आपल्याला जमतंय.

घरात उंदीर ठेवण्याचा प्रश्न होताच. माझ्या सासूबाई वर्षातले चार महिने आमच्याकडे असतात आणि त्यांना कांदासुद्धा चालत नाही. गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर घेतला, वेगळी बादली, वेगळा चिमटा, आणि यातलं काहीही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही असा नियम केला. सोवळ्यासाठी केलेला हा नियम आरोग्यासाठीही तितकाच खरा आहे. साप आणि उंदीर दोन्हींतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो, तेव्हा हाताळल्यावर साबणाने हात धुणं आणि हे सगळं अन्नापासून लांब ठेवणं प्रत्येक घरात हवं.

२६ ऑक्टोबरला तिने शेवटचं खाल्लं. त्यानंतरच्या वजनाची नोंद १,२६२ ग्रॅम. त्याच आठवड्यात थंडी पडली आणि घर तापवणारी फर्नेस सुरू झाली. या दोन गोष्टी वहीच्या एकाच पानावर आहेत, फर्नेस मात्र आम्ही लिहिली नव्हती. पुढे लेकीने ती पेन्सिलने समासात लिहिली.

९ नोव्हेंबरला चिंचेने उंदराकडे पाहिलं, जीभ दोनदा लवलवली, आणि तोंड वळवून पेटीतल्या प्लास्टिकच्या बिळात गेली. बॉल पायथन खाणं सोडतात हे त्यांना पाळणाऱ्या कुणालाही विचारा. हिवाळ्यात कित्येक जण दोन-तीन महिने तोंड लावत नाहीत आणि निरोगी असतात. हे मला माहीत होतं. तरी राहवलं नाही. ज्या घरात पानावर बसलेलं माणूस न जेवता उठलं की पोट दुखतंय का, कुणी बोललं का, अशी चौकशी होते, त्या घरात मी वाढले. मी १२ तारखेला पुन्हा उंदीर दिला. मग १५ ला. मग लहान दिला, मग पांढऱ्याऐवजी करडा दिला. तीन आठवड्यांत सहा वेळा. प्रत्येक वेळी पेटी उघडायची, चिमट्याने उंदीर नाकासमोर हलवायचा, ती मागे सरायची, आम्ही अजून पुढे न्यायचा. एकदा तर ती डोकं लपवून पूर्ण चेंडू झाली आणि रात्रभर तशीच राहिली.

दुकानातल्या एका मुलाने जिवंत उंदीर देऊन पाहायला सांगितलं. तोही आणला. पेटीत सोडला आणि आम्ही समोर बसून राहिलो. वीस मिनिटांत उंदीर तिच्या पाठीवरून फिरायला लागला आणि ती हलेना. लेक म्हणाली, "आई, काढ त्याला. आत्ता काढ." मी काढला. भूक नसलेल्या सापाजवळ जिवंत उंदीर ठेवला तर तो सापाला कुरतडतो, अगदी पाठीचा कणा उघडा पडेपर्यंत जखमा झालेले साप डॉक्टरांकडे येतात, हे नंतर कळलं. लेकीला ते न सांगता कळलं होतं.

कातीवर येणं

३ डिसेंबरला पोट गुलाबी दिसू लागलं. ६ ला डोळे निळसर-दुधी झाले आणि अंगावरचे डाग धुळीने माखल्यासारखे फिके पडले. गावाकडे याला साप कातीवर आलाय म्हणतात, आणि अशा सापाच्या वाटेला जाऊ नये असंही म्हणतात, कारण त्याला दिसत नसतं आणि तो बिथरलेला असतो.

या काळात अंगात काय चालतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. जुन्या कातडीच्या खाली नवीन कातडी आधी पूर्ण तयार होते. मग दोन्हींच्या मध्ये एक पातळ द्रव भरतो. डोळा दुधी दिसतो तो याच द्रवामुळे. हा द्रव दोन थरांना एकमेकांपासून सोडवतो, काम झालं की जिरतो आणि डोळे पुन्हा स्वच्छ होतात. त्यानंतर तीन-चार दिवसांनी साप ओठाची कड कशावर तरी घासतो, तिथे कात फाटते, आणि तो तिच्यातून बाहेर सरकत जातो. कात मागे उलटी राहते, ओढून काढलेल्या मोज्यासारखी. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवली असते, ती कायमची चष्म्यासारखी बसलेली, आणि दर कातीबरोबर तीही बदलते.

हवा कोरडी असली किंवा सापाच्या अंगातच पाणी कमी असलं, की मधला थर पुरेसा ओला राहत नाही. कात सुटण्याआधीच वाळते आणि चिकटते. मग ती तुकड्यातुकड्यांनी निघते आणि अवघड जागी, म्हणजे डोळ्यांवर आणि शेपटीच्या टोकाला, अडकून बसते.

१४ तारखेला हे आम्ही डोळ्यांनी बघत होतो आणि तरी कारण दिसत नव्हतं. मी फवारा घेऊन पेटीत पाणी मारलं. वर दिवा चालू, झाकण जाळीचं. अर्ध्या तासात काच सुकली. मग टबात कोमट पाणी घेऊन तिला चाळीस मिनिटं ठेवलं. ती सारखी काठावर चढू बघत होती, मी सारखी खाली ढकलत होते. काही पापुद्रे सुटले. मानेवरचा पट्टा सुटायला आला होता, एक कड उचललेली दिसत होती. मी नखाने ती धरली आणि ओढली. पट्टा दोन बोटं सरळ आला आणि मग थांबला. मी अजून थोडं ओढलं. त्याबरोबर एक खवली उपटून आली आणि तिच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका उमटला. चिंच आवाज करत नाही. तिने फक्त मान आखडून घेतली, सगळ्या अंगातून एक ताण गेला आणि माझ्या मनगटाभोवतीची पकड घट्ट झाली. तो ठिपका भरून यायला दोन काती लागल्या.

अण्णांनी विचारलं

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर लेकीने तिच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना (मी त्यांना अण्णा म्हणते), तुकडे दाखवले. अण्णांनी वाई तालुक्यात उभा जन्म शेती केली. गोठ्याच्या मागच्या दगडी बांधात आणि करवंदीच्या जाळ्यांत त्यांनी किती काती पाहिल्या असतील याची मोजदाद नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन जवळ घेतला.

"डोळं आल्यात का कातीत?"

"म्हणजे काय, आबा?"

"तोंडाकडचा तुकडा बघ. डोळ्याच्या जागी भिंगासारखी दोन टिकल्या पाहिजेत. नुसती भोकं असली तर डोळं आत ऱ्हायलं."

तोंडाकडचा तुकडा लेकीने जपून ठेवला होता. खिडकीसमोर धरला. दोन भोकं. तिच्या हातून तो खाली पडला.

"आणि अंग घासायला काय ठेवलंय त्याला तुम्ही? खरबरीत काय हाय का? कात ओली असती तवर अखंड येती. ऊन लागलं की चिकटली."

पेटीत घासायला काही नव्हतं. गुळगुळीत प्लास्टिकचं बिळ आणि काच. अण्णांनी पुढे असंही सांगितलं की वाटीभर दूध ठेवा, ताकद येईल. ते मात्र आम्ही केलं नाही. सापाला दूध पचत नाही, तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते पितो इतकंच. पण "ऊन लागलं की" हे शब्द माझ्या डोक्यात राहिले. आमच्या घरात ऊन कुठून लागणार, बाहेर बर्फ होतं.

ऊन फर्नेसचं होतं. उणे १५ अंशांच्या हवेत मावतंच किती बाष्प? तीच हवा घरात घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली की तिच्यात पाण्याचा अंश नावाला उरतो. आमचे ओठ फुटत होते, लोकरीच्या कपड्यांना हात लावला की चटका बसत होता, सासूबाईंच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. सगळं घर सांगत होतं. पेटी तर दिवाणखान्यात, फर्नेसच्या गरम हवेच्या झरोक्यापासून चार फुटांवर होती.

पेटीबरोबर आलेला गोल काट्याचा आर्द्रतामापक काचेवर चिकटवलेला होता आणि तो ५० टक्के दाखवत होता. तो ऑगस्टमध्येही ५० दाखवत होता. लेकीने त्याची मिठाची परीक्षा घेतली. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ओल्या वाळूइतपत पाणी घालायचं, विरघळू द्यायचं नाही, आणि मापकासह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. नवा आकड्यांचा मापक सकाळी ७३ दाखवत होता. काट्याचा ५० वरून हलला नव्हता. नवा पेटीत ठेवला, बिळाच्या तोंडाशी. १८ टक्के. जिला ५५ ते ६० लागते आणि कातीवर असताना ७० च्या आसपास, ती सात आठवडे १८ मध्ये राहत होती. त्याच संध्याकाळी वहीत नवा रकाना आखला गेला.

डॉक्टरांनी काय पाहिलं

सगळे प्राण्यांचे डॉक्टर साप बघत नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्यांची अमेरिकेत संघटना आहे, तिच्या यादीतून आम्हाला तासाभराच्या अंतरावरच्या एक बाई सापडल्या. १९ डिसेंबर. वजन १,१४८ ग्रॅम, म्हणजे ५४ दिवसांत ११४ ग्रॅम, नऊ टक्के उतरलेलं. नुसत्या हिवाळी उपासात इतकं उतरायला नको, असं त्या म्हणाल्या. दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की वाट बघत बसायचं नाही, हा आकडा त्यांनी दिला आणि तो मी सगळ्यांना सांगते.

त्यांनी तिला घाई न करता तपासलं. तोंड उघडून बघितलं, हिरड्यांवर सूज किंवा चिकट पू नव्हता. श्वास ऐकला, घरघर नव्हती, नाकातून बुडबुडे नव्हते. ओल्या पांढऱ्या कापसाने हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडांना पुसून पाहिलं, काळे ठिपके, म्हणजे सापाच्या अंगावरचे माइट नावाचे बारीक किडे, नव्हते. माइट असले तर कात बिघडते आणि डोळ्यांवरच्या खवल्याही अडकतात, तेव्हा घरी नुसता दमटपणा वाढवून काही होत नाही. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी जरा वेळ तशीच राहिली. सोबत नेलेल्या शीबरोबरचा चुन्यासारखा भाग पांढरा आणि मऊ असायला हवा, तो पिवळा आणि खड्यासारखा होता. पाणी कमी पडलंय. विष्ठेच्या तपासणीत जंत निघाले नाहीत.

कातडीखाली सलाईन दिलं. डोळ्यांना त्यांनी हातही लावला नाही. लेकीने विचारलं, चिमट्याने निघत नाही का? त्यांनी खुर्ची ओढली आणि तिला समजावून सांगितलं: वरची मेलेली खवली आणि खालची जिवंत खवली यांच्यात कागदाएवढंही अंतर नाही. ओढताना खालची फाटली तर डोळा उघडा पडतो, सुकतो आणि जातो. खवली राहिली तर पुढच्या कातीबरोबर बहुतेक वेळा निघते. त्यासाठी एक-दीड महिना थांबायचं. डोळा फुगला किंवा खाली पू दिसला तर मात्र लगेच यायचं.

शेपटीचं त्यांना जास्त वाटत होतं. टोकाला वाळलेल्या कातीची कडी एकावर एक साचली की दोरा आवळल्यासारखं होतं, रक्त पोचत नाही आणि टोक काळं पडून गळतं. त्यासाठी उपाय अगदी साधा निघाला. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टर्किशचा टॉवेल, त्याची सैल गुंडाळी, आणि चिंचेला तिच्या मर्जीने त्यातून सरकू द्यायचं. ओढायचं नाही, टॉवेल फक्त हलकेच धरून ठेवायचा. तिसऱ्या दिवशी शेपटीचं कडं टॉवेलवर राहिलं, टोपणासारखं. त्याच दिवशी डाव्या डोळ्याची खवलीही टॉवेलच्या धाग्यांना चिकटलेली सापडली. उजवी राहिली.

आणि खाण्याचं? पेटी दोन आठवडे सलग बरोबर राहिल्याशिवाय उंदीर दाखवायचाही नाही. बाईंनी वही चाळली, सहा नकारांवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "या तीन आठवड्यांत ती निवांत असा किती वेळ होती?" मला उत्तर देता आलं नाही.

पेटी

सुट्ट्या लागल्या होत्या, दोन दिवस आम्ही तिघी त्यातच होतो, सासूबाईसुद्धा. त्यांनी मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, भिजवून पिळून दिलं, अगदी वातीसाठी कापूस पिंजावा तसं मोकळं करून.

पेटी लेकीच्या खोलीत हलवली, झरोक्यापासून लांब. जाळीच्या झाकणाचा तीन-चतुर्थांश भाग फॉइलने बंद केला. दिवा काढून उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावला आणि तो थर्मोस्टॅटला जोडला. उबदार बाजू ३२ अंश, थंड बाजू २६. खाली पसरलेला लाकडाचा भुसा पाणी धरत नव्हता. तो काढून नारळाच्या सोडणाचे तुकडे चार इंच जाडीने घातले. पाणी आता फवारायचं नाही, चारही कोपऱ्यांत तळाशी ओतायचं, म्हणजे वरचा थर कोरडा राहतो आणि ओल खालून हळूहळू वर येते. हे महत्त्वाचं आहे. दमट म्हणजे चिखल नव्हे. साप सतत ओल्या थरावर पडून राहिला तर पोटाच्या खवल्यांना फोड येतात आणि त्या सडतात, आणि कोंदट थंड ओलीत छाती बिघडते. झाकणाचा एक भाग हवेसाठी उघडा ठेवला तो त्यासाठीच.

बिळं दोन केली, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला, अंग चिकटेल इतकी अरुंद. तिसरा डबा झाकणाचा, बाजूला गोल भोक पाडलेला, आत ओलं मॉस. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कागद. आणि अण्णांसाठी एक खरबरीत दगड आणि सालीसकट ओंडक्याचा तुकडा, उकळत्या पाण्याने धुऊन.

२३ डिसेंबर: ६४ टक्के. चिंच ओल्या डब्यात गेली आणि दोन दिवस फक्त नाक बाहेर.

खाणं

इथे माझी खरी कसोटी होती. दोन आठवडे काही करायचं नव्हतं. पाणी बदलायचं, आकडे लिहायचे, हात लावायचा नाही. मी दिवसातून चार वेळा त्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत येत होते.

५ जानेवारीला पहिला प्रयत्न, नकार. उंदीर काढला, दार लावलं, विषय संपला. पूर्वी मी तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले असते. आता दोन आठवड्यांनी, १९ ला. तेव्हा ती डोकं बाहेर काढून चिमट्यापर्यंत आली, नाक लावलं आणि थांबली. घेतला नाही, पण मागे सरली नाही. वहीत लेकीने लिहिलंय: "पळाली नाही."

२४ जानेवारीला डोळे पुन्हा निळे, त्यामुळे खाण्याचा प्रश्नच नव्हता. कातीवर असलेल्या सापाला देऊ नये, दिसत नसतं आणि तो आधीच बेचैन असतो. १ फेब्रुवारीला वजन १,१३१. दहा टक्क्यांची रेघ ओलांडली होती. मी डॉक्टरांना फोन केला. पेटीचे रोजचे आकडे त्यांना वाचून दाखवले, चुन्यासारखा भाग आता पांढरा आहे हे सांगितलं. त्या म्हणाल्या, कात पडू दे, मग एक प्रयत्न, आणि नाही घेतला तर त्याच आठवड्यात घेऊन या.

२ फेब्रुवारीला पहाटे ओंडक्याच्या सालीवर कात सापडली. अखंड, चिंचेपेक्षा लांब, कारण निघताना ती ताणली जाते. ओलसर होती, बोटांना साबण लागल्यासारखी बुळबुळीत. लेकीने आधी डोळे पाहिले. डावीकडे एक भिंग. उजवीकडे दोन, एकावर एक, बाहेरचं पिवळट आणि आतलं स्वच्छ. तिने मला उठवलं नाही, माझ्या उशीजवळ येऊन कात उघडून धरली आणि मी जागी होईपर्यंत उभी राहिली.

८ फेब्रुवारी. ९० ऐवजी ६० ग्रॅमचा उंदीर, इतक्या उपासानंतर पोटावर एकदम ओझं नको. आदल्या रात्री गॅरेजमधल्या फ्रीझरमधून काढून हळू वितळवला. मग पिशवीत घालून गरम पाण्यात, मायक्रोवेव्ह कधीही नाही, त्याने आतून शिजतो आणि फुटतो. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, तिला अंधारात भक्ष्य उबेवरून दिसतं. उंदीर नुसता वितळलेला असून भागत नाही, जिवंत उंदराइतका उबदार लागतो, आणि डोकं सगळ्यात जास्त. आधीच्या सहाही वेळी आम्ही बोट लावून "कोमट आहे" म्हणत होतो. यावेळी तापमापक लावला: डोकं ३८ अंश. केस कोरडे केले. खोलीत अंधार, फक्त बाहेरच्या पॅसेजचा उजेड. चिमट्याने शेपटीकडून धरून बिळाच्या तोंडापासून वीतभर लांब नेला आणि तिथे थांबवला. हलवला नाही.

दोन मिनिटं काही नाही. जीभ, मग पुन्हा जीभ, यावेळी लांब आणि संथ. मान मागे इंग्रजी एससारखी दुमडली. मग झडप इतकी झटकन झाली की चिमट्याला बसलेला हिसका मला आधी कळला आणि बाकीचं नंतर दिसलं. तीन वेढे. आम्ही पेटी बंद केली आणि बाहेर येऊन पॅसेजमध्ये जमिनीवर बसलो. १०५ दिवस झाले होते. सासूबाईंनी आतून विचारलं, "जेवली का गं?"

पुढचे दोन दिवस कुणीही तिला उचललं नाही, कारण खाल्ल्यावर हाताळलं तर साप ओकतो आणि ते त्याच्या अंगाला फार जड जातं. दहा दिवसांनी पुन्हा ६० ग्रॅमचा, मग मार्चपासून नेहमीचा. मेमध्ये वजन १,२५० च्या वर गेलं. शेपटीच्या टोकाची एक अर्ध्या सेंटिमीटरची जागा आधीच मेली होती, ती उन्हाळ्यात काळी पडून गळली. तिथे आता बोथट गोल टोक आहे. आम्ही आठवडाभर आधी मापक तपासला असता तर ते वाचलं असतं.

यंदा ऑक्टोबरमध्ये फर्नेस सुरू झाली त्या दिवशी लेकीने वहीत ती ठळक अक्षरांत लिहिली. चिंचेने ४ नोव्हेंबरपासून खाणं बंद केलं, सात आठवडे. आर्द्रता रोज ६० च्या वर, तापमान जागच्या जागी, वजन २४ ग्रॅमने कमी. मधे एकदा अखंड कात, दोन्ही डोळ्यांसकट. वहीत त्या सात आठवड्यांत दर पंधरवड्याला एक ओळ आहे, माझ्या अक्षरात: दिला, घेतला नाही, काढला.